तीस पौंडांचा आलाप

मैत्रिणींनो, नातवंडं असलेल्या बाईनं विलायती रॉक संगीतावर लिहायला घेतलंय, म्हणून तुम्ही हसाल. हसा खुशाल! आमच्या घरीही हसले.

झालं काय, नातवानं जुन्या बाजारातून रेकॉर्ड-प्लेअर आणला आणि सोबत एक तबकडी. काळं वेष्टन, त्यावर काचेचा त्रिकोण नि त्यातून फुटलेले इंद्रधनुष्याचे रंग. पिंक फ्लॉइड या इंग्लंडमधल्या मंडळींची ही 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३ सालची. मी मेथी निवडत बसले होते. म्हटलं, आता धांगडधिंगा सुरू होणार. तर सुरू झाले चक्क हृदयाचे ठोके! थोड्या वेळानं ढीगभर घड्याळांचा असा काही गजर झाला, की मेथीची जुडी हातातून सुटली. ॲलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकानं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन ते आवाज टिपले होते म्हणे. दुसऱ्या बाजूला पैशांवरचं गाणं आहे, त्यात गल्ल्याचा खणखणाटच ताल धरतो. सवयीनं बोटांवर मात्रा मोजल्या, तर सात! आपल्या रूपकासारख्या. त्यातच जॅझच्या वळणाचा सॅक्सोफोन. रॉक, जॅझ, ब्लूज, यंत्रातून काढलेले चमत्कारिक आवाज, सगळी मिसळच; पण चांगल्या मिसळीत फरसाणाची चव वेगळी कळते ना, तसं.

माझा जीव मात्र अडकला तो पहिल्या बाजूच्या शेवटी. पियानो लागतो आणि एक बाई गाऊ लागते. शब्द एकही नाही. नुसता आलाप. आधी टाहो फोडल्यासारखा, मग दमून शांत होत गेलेला. माझे डोळेच भरून आले हो!

क्लेअर टॉरी तिचं नाव. वय तेव्हा पंचवीस. रिचर्ड राइट यांच्या चालीवर गायला तिला बोलावलं. शब्द नकोत म्हणाले. काय गायचं, तेही धड कुणी सांगेना. तिनं आपल्या मनानंच सगळं रचत गायलं. रविवार, म्हणून दुप्पट दर. त्याचे झाले तीस पौंड. ते घेऊन बाई घरी गेली. वेष्टनावर गायिका म्हणून नाव छापलं, पण गाणं रचणाऱ्यांत नाही. तबकडीच्या कोट्यवधी प्रती खपल्या. शेवटी २००४ साली तिनं दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि राइट यांच्या नावाशेजारी तिचंही नाव लागलं.

हे नातू सांगत होता नि मला आमच्या थोरल्या जाऊबाई दिसू लागल्या.

१९८९ साली महिला मंडळाच्या स्पर्धेत माझ्या भरल्या मिरचीच्या लोणच्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. कृती छापूनही आली, माझ्या नावानं, फोटोसकट. पण ते लोणचं जाऊबाईंचं! मेथी किती तळायची, मोहरी कशी फेसायची, सगळं त्यांच्या हाताचं. मी फक्त बरणी उचलून नेली होती. त्यांना एक सुती साडी घेतली, दीडशे रुपयांची. 'अगं, घरातलंच की,' म्हणून त्या हसल्या होत्या आणि मीही विषय मिटवून टाकला. पुढे कितीदा तरी पाहुण्यांसमोर 'हिची खासियत' म्हणून अहोंनी ते लोणचं वाढलं. मी एकदाही तोंड उघडलं नाही.

आता त्या पुण्याला लेकाकडे असतात. ऐंशी उलटली, ऐकू जरा कमी येतं. रात्री नऊला फोन लावला. दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे बाहेरच्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. गेलं तर गेलं!

पलीकडे काही वेळ शांतता. मग म्हणाल्या, "तो कागद अजून आहे माझ्या ट्रंकेत. बडीशेप लिहिली होतीस तू त्यात. मी बडीशेप कधीच घालत नाही गं."