एकाच रुळावरची दोन गावे

इंग्लंडला जाणारा आपला प्रवासी लंडन पाहतो, फार तर शेक्सपिअरचे गाव पाहून येतो; पूर्व किनाऱ्यावरील ग्रिम्स्बीकडे सहसा कोणी फिरकत नाही. हंबर नदीच्या मुखाशी वसलेले हे मासेमारीचे जुने बंदर आणि त्याला खेटून असलेले क्लीथॉर्प्स हे हवा खाण्याचे गाव, ही दोन्ही एका दिवसात सहज पाहून होतात. मला ती एका घरातील दोन भावांसारखी वाटली. एकाने कष्ट उपसावेत, दुसऱ्याने पाहुण्यांची सरबराई करावी.

ग्रिम्स्बीच्या गोदीतील ३०९ फूट उंचीचा मनोरा दुरूनच दिसतो. त्याची घडण इटलीतील सिएना नगराच्या मनोऱ्यासारखी असली, तरी १८५२ साली तो शोभेसाठी उभारलेला नव्हता. उंचावरील टाकीतल्या पाण्याच्या दाबाने गोदीचे दरवाजे चालविण्याची ती योजना होती. पण बंदराचे भाग्य उजळले ते आगगाडीने. १८४८ साली रूळ आले आणि येथली मासळी शहरोशहरी ताजी पोचू लागली. १८६३ मध्ये तेच रूळ क्लीथॉर्प्सपर्यंत गेले, आणि कारखान्यांच्या धुरात राबणारी कुटुंबे सुट्टीला वाळूवर येऊ लागली. मासळी शहराकडे, माणसे समुद्राकडे!

पुढे ग्रिम्स्बीची गणना जगातील अग्रगण्य मासेमारी बंदरांत होऊ लागली. येथले ट्रॉलर थेट आइसलंडच्या समुद्रापर्यंत जात. १९९१ साली उघडलेल्या संग्रहालयात त्या जीवनाच्या प्रतिकृती पाहताना माझी पावले जड झाली. दोरखंडांवर साचलेल्या बर्फाच्या भाराने नौका उलटू नये म्हणून खलाशी तो कुऱ्हाडींनी फोडीत. कित्येक परतलेच नाहीत. १९७६ मध्ये आइसलंडने आपल्या दोनशे सागरी मैलांच्या हद्दीवरील हक्क ब्रिटनकडून मान्य करवून घेतला आणि दूरच्या समुद्रातील ही मासेमारी ओसरली. आइसलंडला दोष देववत नाही. त्या चिमुकल्या देशाचा संसारच मासळीवर चालतो. पण घाटावर वाट पाहणाऱ्या बायकांना तो न्याय कसा समजावा? आज त्याच आइसलंडची मासळी ग्रिम्स्बीच्या बाजारात येते. भुशाच्या मंद धुरावर रात्रभर टांगून मुरविलेल्या येथील हॅडॉक आणि कॉड या माशांना २००९ साली युरोपात भौगोलिक नामाचे संरक्षणही मिळाले.

क्लीथॉर्प्सला ओहोटीच्या वेळी गेलात, तर समुद्र पाहावयास आलेल्याला आधी समुद्र शोधावा लागतो, इतके पाणी मागे हटते. १८७३ साली बांधलेला, समुद्रात शिरणारा बाराशे फुटांचा धक्का दुसऱ्या महायुद्धात मध्येच तोडला, शत्रूने त्यावर उतरू नये म्हणून. आता ३३५ फूटच उरला आहे. किनाऱ्यावर ग्रीनिचची रेखा धातूच्या पट्टीने दाखविली आहे. मुले एक पाय पूर्व गोलार्धात व दुसरा पश्चिमेत ठेवून उभी राहतात, मीही राहिलो.

मग धक्क्याजवळच्या बाकावर बसून गरम तळलेली मासळी आणि बटाट्याच्या फोडी खाव्यात. तेथून डावीकडे पाहिले, की ग्रिम्स्बीचा मनोरा दिसतो.