टॅक्सी होती तोवर

फियाटचं इंजिन काढायचं म्हटलं की पूर्वी घरात फारशी चर्चा होत नसे. गाडी ऑइल खाऊ लागली, मागून निळा धूर मारू लागली, खंबाटकी घाटात दुसऱ्या गिअरवर कुंथू लागली, की पेठेतल्या मिस्त्रीला निरोप जाई. (घाटात इंजिनाच्या तापलेल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून थांबणं हा बिघाड नव्हे, तो प्रवासाचा भागच होता.) १०८९ सीसीचं ते चार सिलिंडरचं इंजिन मिस्त्रीला तोंडपाठ.

हेड उतरलं की मोजमापाआधी तो सिलिंडरच्या वरच्या काठाशी अंगठ्याचं नख फिरवायचा. रिंगा जिथवर जातात तिथवर भिंत झिजते, त्याच्या वरची पट्टी कोरी राहते. मधल्या पायरीला नख अडलं, की “बोअर करावा लागणार, साहेब.” मग बेअरिंगची शेल उजेडात धरायची. वरचा पांढरट थर जाऊन तांबूस दिसू लागलं असेल, तर क्रँकही ग्राइंडिंगला. ब्लॉक रिक्षात घालून लेथवाल्याकडे, आणि पार्टची यादी सिगारेटच्या पाकिटावर. पुण्याच्या नाना पेठेत नाही मिळालं तर मुंबईत कुर्ला, तिथंही नाही तर चोरबाजार. दुकानदार एवढंच विचारायचा, “ओरिजिनल देऊ की चालू?”

पार्ट मिळण्याची ही चैन आपल्या हौसेमुळे होती असं आम्हा फियाटवाल्यांना वाटायचं. खरं तर ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची मेहेरबानी. रात्रंदिवस धावणाऱ्या हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनींना, म्हणजे याच फियाटच्या टॅक्सींना, रिंगा, गॅस्केट, वॉटर पंप सतत लागत. म्हणून ते बनत, म्हणून ते फळीवर असत. रविवारी सारसबागेपर्यंत जाणाऱ्या आमच्या गाड्या त्या बाजारावर फुकट जगल्या. कुर्ल्याचा कारखाना २०००च्या सुमारास पद्मिनी काढायचा थांबला, तरी बाजार चालला, कारण टॅक्सी चालत होती. मुंबईत टॅक्सीला वयाची २० वर्षांची मर्यादा लागली आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी हळवे मथळे दिले. आम्ही मात्र मनातल्या मनात पिस्टन मोजत होतो.

आता पार्ट फोनवर शोधायचे. ग्रुपवर फोटो टाकायचा, कोइमतूरहून कुणी तरी “आहे” म्हणतो, पैसे आधी पाठवायचे. इटलीतही माल मिळतो, पण नावावर जाऊ नये. नाव दोन्हीकडे ११०० डीच, पण तिकडची १२२१ सीसीची, तिचा बोअर ७२ मिलिमीटर, आपला ६८. ते पिस्टन आपल्या ब्लॉकमध्ये शिरणारच नाहीत. मोजमाप मात्र सुधारलं. डायल गेज लावून सिलिंडर किती लंबगोल झालाय तेही कळतं, नखाला ते कळत नसे. उलट पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून इंजिन बांधताना नळ्या आणि पंपाचा डायफ्राम नव्या जातीचाच घालावा.

दुसरं इंजिन बसवून मोकळं व्हावं, तर तेही अवघड. २०२१च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ येतं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असेल तर नाही. पूर्वी लोक बिनधास्त डिझेल इंजिन ठोकून द्यायचे. आता तोच झिजलेला, जुना ब्लॉक स्लीव्ह घालून वाचवावा लागतो, आणि ते योग्यच आहे असं माझं मत.

तेव्हा एक विनंती. माळ्यावर वडिलांच्या फियाटचा पत्र्याचा डबा असेल, ग्रीस लागलेल्या कागदातल्या रिंगा, एखादा कार्बोरेटर, न वापरलेली शेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. आधी एखाद्या फियाटवाल्याला फोन करा. तो त्याच संध्याकाळी येऊन घेऊन जाईल.