पाठीची माती

चाळिशी उलटलेल्या माणसाने नवीन काय शिकावे, याविषयी आपल्या समाजाची मते मोठी ठाम आहेत. हार्मोनियम चालते, होमिओपॅथी चालते, ज्योतिष तर शोभूनच दिसते. पण मराठीचा प्राध्यापक, वय वर्षे चव्वेचाळीस, घरात बारावीला बसलेली मुलगी, आणि हा गृहस्थ पहाटे लंगोट काखोटीला मारून आखाड्याकडे निघतो, असे कळले की ऐकणाऱ्याचा चेहरा आधी काळजीचा होतो आणि मग हसू दाबल्याचा. आमच्या घरच्या मंडळींनी तर फक्त एवढेच विचारले, "हाड मोडलं तर रजा कुठली टाकणार? अर्जित की वैद्यकीय?"

आमचा आखाडा दारव्ह्याचा. यवतमाळहून पश्चिमेला निघाले की टेकड्या मागे पडतात आणि कपाशीचा, तुरीचा सपाट काळा मुलूख सुरू होतो. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी 'शकुंतला' या दारव्ह्यावरूनच जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश कंपनीने कापसासाठी घातलेला हा अरुंद रूळमार्ग. आता गाडी बंद आहे आणि रुळांत गवत माजले आहे. ते रूळ ओलांडून थोडे पुढे गेले की एक कडुनिंब, शेंदूर फासलेला मारुती आणि पत्र्याच्या छपराखाली मातीचा हौदा लागतो. छपराच्या एका खांबाला आरसा टांगला आहे. त्याचा पारा इतका उडाला आहे की त्यात प्रत्येकाला आपली छाती रुंदच दिसते.

ही माती मात्र इथली नव्हे. आमच्या शिवारातली काळी माती कपाशीची लाडकी खरी, पण पैलवानाची वैरीण. ओली असली की अंगाला डिंकासारखी चिकटते, वाळली की ढेकळे दगडासारखी लागतात. म्हणून तांबडी माती दुरून गाडीने आणायची, चाळायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचा आणि रोज खणून ती भुसभुशीत ठेवायची. सहा महिने हेच माझे मुख्य शिक्षण होते.

पहिल्या दिवशी वस्तादांनी मला नखशिखान्त न्याहाळले. वस्ताद अडुसष्ट वर्षांचे. तरुणपणी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात उन्हाळी वर्ग करून आलेले. वैद्य बंधूंनी 1914 साली काढलेले हे मंडळ म्हणजे आम्हा वऱ्हाडातल्या आखाड्यांचे काशीक्षेत्र. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी खेळून दाखवली ती याच मंडळाच्या पथकाने. वस्ताद म्हणाले, "गुर्जी, शिकाले आले का पाहाले आले?"

"शिकायला."

"आता कायले शिकता जी? पोरं धा वर्साचे असतेत तवा येतेत. हाडं कवळे असतेत." मग थोडे थांबून म्हणाले, "बरं, आले तं आले. पयले माती खंदा."

आखाड्यात वय उलटे मोजतात, हे मला त्या फावड्याने शिकवले. तिथे आधी आलेला तो थोरला. अकरावीतली पोरे मला वडीलधारी झाली आणि मी शेंडेफळ. त्यांचाही बिचाऱ्यांचा पेच मोठा. त्यांतली दोन माझ्याच वर्गातली. ती आधी वाकून माझ्या पायांना हात लावीत, 'सर' म्हणत आणि लगेच तोच पाय ओढून मला मातीत पाडीत. एकेरी पट म्हणतात त्या डावाला. इतक्या आदराने कोणी कोणाला पाडले असेल असे मला वाटत नाही.

पडायला शिकणे हे मोठ्या माणसाला फार जड जाते. लहान मूल पडते ते पोत्यासारखे सैल पडते. आपण पडू लागलो की हात टेकतो, मान ताठ धरतो, श्वास कोंडतो. दुखापत होते ती या अकडण्याने. वस्ताद काठावरून ओरडत, "आंग ढिलं सोडा, गुर्जी! पडतांनी इचार करू नका!" आता, विचार करणे हा ज्याचा पोटापाण्याचा धंदा त्याने तो नेमका हवेत असताना कसा सोडावा? तरी चौथ्या-पाचव्या महिन्यात केव्हातरी तो सुटला. धोबीपछाडीत मी खांद्यावरून गेलो, मातीवर आलो, आणि काहीच दुखले नाही. छपराचा पत्रा दिसला, त्यातल्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा दिसला. त्याआधी शंभरदा तरी तिथे पडलो होतो. पण कवडसा पाहण्याइतकी फुरसत पहिल्यांदाच मिळाली.

भाषेचा माणूस असल्यामुळे माझे लक्ष शब्दांकडे जाते. मराठीत पराभवाला जितके शब्द आखाड्याने दिले आहेत तितके रणांगणानेही दिले नसतील. चीतपट, चारी मुंड्या चीत, अस्मान दाखवणे, पाठ लावणे. सगळे एकाच गोष्टीभोवती फिरतात: पाठ मातीला लागली की संपले. कुस्ती लागली की निकाल सांगणारी माती असते. पाठीवर ती दिसली की मग तक्रार नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचे प्रकरण घातले. त्यात मल्लांचे वयावरून, देहावरून, बळावरून वर्ग पाडले आहेत आणि त्यांना दूध, साखर, मिष्टान्न पुरवण्याची जबाबदारी राजावर टाकली आहे. उशिरा उगवलेल्या प्राध्यापकाचा विचार करण्याचे त्या राजाला कारणच नव्हते. आमच्या आखाड्यालाही नव्हते. म्हाताऱ्याने तिथे वस्ताद व्हावे किंवा बाकावर बसून जुन्या दंगली सांगाव्यात. मधली जागा नाही.

ती मधली जागा मला दाखवली एका जुन्या विद्यार्थ्याने. तो पुण्याला नोकरीस आहे आणि तिथे ब्राझिलियन जिउ-जित्सू नावाची विद्या शिकतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत आला तो आखाड्यात उतरला. या विद्येची वंशावळ ऐकण्यासारखी आहे. जपानमध्ये जिगोरो कानोने 1882 साली जुन्या जुजुत्सूतून ज्युडो घडवला. त्याच्या संस्थेत तयार झालेला मित्सुयो माएदा देशोदेशी कुस्त्या मारीत 1914 साली ब्राझीलला पोचला. त्याच्यापाशी कार्लोस ग्रेसी हा मुलगा शिकला, आणि त्याचा धाकटा भाऊ हेलिओ याने पुढे ती विद्या वाढवली. हेलिओ अंगाने किरकोळ. ताकदीने कोणी आपल्याला खाली घेणारच, हे त्याने धरूनच ठेवले आणि खाली पडल्यावर काय करायचे याचे शास्त्र केले. उताणे पडावे, दोन्ही पायांनी प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला विळखा घालावा, कंबर हलवून त्याचा तोल मोडावा आणि सापडेल तो हात कोपरात किंवा खांद्यात अडकवावा. अडकलेल्याने दोनदा थाप मारली की सोडायचे. मला गंमत वाटली: आपल्याकडे मांडीवर थाप मारून कुस्ती सुरू होते, त्यांच्याकडे थाप मारली की ती संपते.

हा हेलिओ 1951 साली रिओच्या माराकाना मैदानावर जपानच्या किमुराशी लढला आणि हरला. हात मोडला तरी थाप मारीना. शेवटी भावाने टॉवेल टाकला. ज्या पेचाने हात मोडला त्याला ग्रेसींच्या शिष्यांनी नाव दिले 'किमुरा'. हरवणाऱ्याचे नाव आपल्या पाठ्यक्रमात घालणारे घराणे मला आवडून गेले. शिवाय त्या खेळाच्या स्पर्धांत चाळिशी ओलांडलेल्यांचा गट वेगळा, पन्नाशी ओलांडलेल्यांचा वेगळा. पांढरा पट्टा बांधून कोणत्याही वयात उभे राहता येते.

मी त्या सुटीभर रोज उताणा पडून शिकलो. वस्ताद बाकावरून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. "पाठ टेकली का खेळ खलास. मंग खाली निजून कायचं भांडण?" ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

त्यांच्या रागाला दुसरेही कारण होते. आखाड्यातली पोरे कमी होत चालली आहेत. स्पर्धा गादीवर, नोकरीचे गुण गादीवरच्या पदकाला. मग मातीत कोण लोळतो? खाशाबा जाधव 1948 साली लंडनला सहावे आले आणि 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले, तेही मातीतून गादीवर गेलेले. पण ते गेले, माती मागे राहिली. मी आलो तेव्हा आमच्याकडे अकरा पोरे होती, या पावसाळ्यात सहा उरली. माती खणायला हात कमी पडू लागले; आठवड्यातून तीन दिवस ते काम माझेच. वस्ताद एकदा सहज म्हणाले, "गुर्जी, तुमी हा तवर हौदा हाये." त्यावर मी काही बोललो नाही, पण दुसऱ्या दिवशी पाऊण तास आधी गेलो.

यंदा पोळ्याच्या करीला शेजारच्या गावी दंगल होती. शेताच्या कडेला नांगरून केलेला हौदा, भोवती माणसांचे कडे, डफडे, रेवड्या. लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या झाल्या, मग नारळाच्या. वस्तादांनी मला न विचारता पंचांना नाव दिले. जोड म्हणून पन्नाशीचा एक शेतकरी पुढे आला. दिवसभर फवारणीचा पंप पाठीवर वाहणारा, खांदे बैलाच्या वशिंडासारखे. पुकारणाऱ्याने "दारव्ह्याचे प्रोफेसरसाह्यब" म्हणताच हशा पिकला. सलामी झाली, खडाखडी झाली. दोन मिनिटे मी टिकलो, याचे मलाच नवल वाटते. मग त्याने पट काढला आणि मी गेलो.

पण अंग आता ढिले पडायला शिकलेले. मातीवर येता येताच माझे पाय आपोआप त्याच्या कमरेभोवती गेले, घोटे एकमेकांत अडकले. पंचांनी शिटी मारली, डफडे वाजले, त्याचा हात उंच धरायला पंच आले; आणि विजेता उठेना. तो माझ्या पायांत गच्च बसला होता. लोक हसून लोळत होते. तो भला माणूस खाली वाकून हळूच म्हणाला, "सोडा ना जी गुर्जी, कुस्ती झाली."

मी सोडले. त्याने मला हात देऊन उठवले, माझ्या पाठीची माती स्वतःच्या पंचाने झटकली, नारळ तिथेच फोडला आणि अर्धे भकल माझ्या हातावर ठेवले.

परतताना जीपमध्ये वस्ताद गप्प होते. मला वाटले, आखाड्याचे हसे झाले म्हणून रागावले असतील. दारव्हा आले, पोरे उतरली, तरी ते हौद्यापाशी रेंगाळले. छपरातला दिवा लावला. मग शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि ज्या मातीला त्यांनी उमेदीच्या वयात सहसा पाठ लावू दिली नव्हती, तिच्यावर ते सावकाश, एक हात टेकीत, उताणे निजले.

"ते पायाचं काय व्हतं," ते म्हणाले, "दाखवा बरं."