वास सोड्यांचा नव्हता

बकरी ईद करून दापोलीहून निघताना अम्मींनी सोड्यांची पिशवी दिली. आठवड्याभरात गाडीत कुबट वास यायला लागला. आम्ही दोघांनी दोष पिशवीला दिला आणि अम्मींना फोनवर तसं बोललोही. त्या गप्प झाल्या.

सीट धुतल्या, अत्तराचा फाया ठेवला. त्या मिश्रणाने धाकटीला मळमळायलाच लागलं.

गॅरेजमधल्या चाचांनी एवढंच विचारलं, "एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं का?" बरेच दिवस ठिबकलं नव्हतं. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली होती आणि ते पाणी डावीकडच्या मॅटखाली मुरत होतं. केबिन फिल्टरही काळा पडलेला.

"हा वास परवडला," चाचा म्हणाले. "गोडसर आला तर कूलंट गळतंय समजा. धुराचा आला तर काचा उघडा, गाडी थांबवून सगळे उतरा. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो."

आता घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवतो.

अम्मींची माफी मागितली. त्यांनी विचारलं, "सोडे खाल्ले की फेकले?"

फेकले होते.