नातवंडांसह बाबासाहेबांच्या लंडनमध्ये

लहान मुले बरोबर असली की लंडनसारख्या शहरातही दिवसात दोनच ठिकाणे होतात. जावईबापूंनी सहा लिहून आणली होती! राजवाडा राहिला, त्याचे मला काही वाटले नाही. अकरा वर्षांखालच्या मुलांना बसचे तिकीट नाही, हे मात्र बरे.

आधी ब्रिटिश म्युझियम. तेथेही प्रवेश मोफत. आंध्रातील अमरावती स्तूपाच्या शिळा काचेआड मांडल्या आहेत. सहा वर्षांच्या नातीने विचारले, "आजी, यात बुद्ध कुठे आहेत?" सुरुवातीच्या शिल्पांत तथागतांची मूर्ती कोरीत नसत, रिकामे आसन, बोधिवृक्ष, पावले एवढेच. तिला तळव्यांवर चक्र असलेली पावले दाखविली. ती आपला बूट काढून पाऊल मापू लागली. धाकटा तोवर भुकेने रडायला लागला.

डब्यातल्या चपात्या प्रिमरोज हिलच्या गवतावर खाल्ल्या. तेथून जवळच किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०. बाबासाहेब १९२१-२२ साली येथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले. भिंतीवरची निळी पाटी दिसताच माझे हात आपोआप जोडले गेले.

लंडनमध्ये शिकताना ते रात्री पापडावर भूक भागवीत, हे चरित्रात वाचलेले. नातीला सांगितले, तर म्हणाली, "मग आपण त्यांच्यासाठी चपाती का नाही ठेवली?"

लेकीने तिला उचलून घेतले आणि पाटीवरची अक्षरे एकेक करून वाचायला लावली.