आठ वाजताचा बिगुल

दिवाळीच्या सुट्टीत बाबांबरोबर ब्रसेल्सला काकांकडे जायचे आहे. काका फोनवर म्हणाले, "एक दिवस ब्रूज पाहू." मी ईपर सुचवले. तेथील मेनिन गेटवर पहिल्या महायुद्धातील, ज्यांची कबरही ठाऊक नाही अशा सुमारे ५५,००० सैनिकांची नावे आहेत; त्यांत भारतीय जवानही आहेत. त्यांच्यासाठी रोज रात्री आठला 'लास्ट पोस्ट' वाजते.

"परतायला अकरा होतील. सहालाच निघू."

"काका, संग्रहालय सोडू, पण आठपर्यंत थांबू या ना!"

शाळेत 'लास्ट पोस्ट' मी वाजवतो. गेल्या हुतात्मा दिनी शेवटचा सूर फाटला. कोणी रागावले नाही. मला मात्र तो अजून टोचतो. आपण कोणासाठी वाजवतो, हे त्या नावांसमोर उभे राहून ऐकायचे आहे.

काकांनी परतीची गाडी आठनंतरची धरली.