पप्पी नको, थप्पड चालेल?

मराठी घरात टीव्हीवर किसिंग सीन लागला की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. बाबांना अचानक पाणी हवं असतं. आजीला कुकरची शिट्टी ऐकू येते, जी मुळात झालेलीच नसते. कुणी घसा खाकरतं, कुणी उद्याच्या भाजीचा विषय काढतं आणि रिमोट नेमका त्याच वेळी सोफ्याच्या फटीत गेलेला असतो.

आता दुसरा सीन. संध्याकाळचे सात. सिरियलमधली सासू सुनेच्या कानाखाली जाळ काढते. तोच शॉट तीनदा, तीन अँगलनी, ढॅण् ढॅण् ढॅण्! कुणीही जागचं हलत नाही. मेथी निवडली जाते, चहा प्यायला जातो आणि घरातलं पाच वर्षांचं पोर मांडी घालून समोर बसलेलं असतं.

म्हणजे आपला फंडा एकदम क्लिअर आहे बॉस. पप्पी नको, थप्पड चालेल.

मी २९ वर्षांची फ्रीलान्स पत्रकार (म्हणजे सोसायटीच्या भाषेत 'घरीच असते') आणि एका पाच वर्षांच्या मुलीची आई. नवरा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये राहतो आणि रात्री झोपायला घरी येतो, त्यामुळे लेकीने काय बघायचं हे डिपार्टमेंट माझ्याकडे आहे. त्यातून मी मास कॉम केलेलं. मग काय, नातेवाइकांच्या ग्रुपवर दर शनिवारी विचारणा ठरलेली, 'हा पिक्चर मुलांना दाखवण्यासारखा आहे का गं?' जणू मी सेन्सॉर बोर्डाची कोथरूड शाखाच!

खऱ्या सेन्सॉर बोर्डाचं म्हणाल, तर आपल्याकडे आधी फक्त यू आणि ए होतं. १९८३ मध्ये त्यात यूए आणि एस आले. एस म्हणजे डॉक्टरांसारख्या खास प्रेक्षकांसाठी, तो सहसा कुणाला दिसत नाही. यूए म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या जबाबदारीवर दाखवा. पण पाच वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल यांना एकाच पोत्यात घालून कसं चालेल? ओटीटीसाठी २०२१ च्या नियमांत त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तुकडे झाले. १३+ आणि त्यापुढच्या कंटेंटला पालकांना लॉक लावता आलं पाहिजे, असंही त्यात आलं. थिएटरच्या पिक्चरना हेच तीन तुकडे २०२४ च्या नियमांनी मिळाले. चांगलंच झालं की!

पण संध्याकाळी सातची सिरियल? ती घरात येण्याआधी तिला असलं कुठलंच सर्टिफिकेट लागत नाही. चॅनेलने प्रोग्रॅम कोड पाळायचा आणि कुणाला खटकलं तर त्याने तक्रार करायची. आणि ज्या घरात थप्पड कुणाला खटकतच नाही, तिथून तक्रार जाणार कशी?

आणखी एक गंमत. डिसेंबर २०१७ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने चॅनेल्सना कळवलं की कंडोमच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ याच वेळात दाखवा. मुलांवर परिणाम होतो म्हणून. थोड्याच दिवसांत खुलासाही आला की हे फक्त कामुक जाहिरातींपुरतं आहे. ठीक आहे. पण पुदिन्याच्या चटणीत विष कालवणाऱ्या जावेला कुणी सांगितलं का, की बाई, जरा दहानंतर ये?

आमच्या घरी हा विषय पेटला तो एका बाहुलीवरून. लेक खेळत होती. बाहुलीला भिंतीशी उभं केलं, एक सणसणीत ठेवून दिली आणि म्हणाली, "तुझी लायकी काय आहे गं?" मान वळवायची स्टाइलसुद्धा सेम टू सेम सिरियलमधली.

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, ती मालिका हिच्यासमोर नको."

"अगं, घरगुती मालिका आहे. उघडंनागडं काही नसतं त्यात."

"मारतात ना पण."

"आणि तुझ्या त्या छोट्या भीममध्ये काय आरती करतात? लाडू खायचा आणि धुवायचं!"

आता यावर काय बोलणार? आईंचा पॉइंट सॉलिड होता. शिवाय दिवसभर घर सांभाळणाऱ्या बाईला तो अर्धा तास तिचा स्वतःचा लागतो. तो काढून घेणारी मी कोण? शेवटी तह झाला. सात वाजता सिरियल लागली की मी आणि लेक खाली बागेत. भीम रविवारी एकच एपिसोड, आणि तोही आजीच्या कॉमेंटरीसकट!

पण त्या दिवसापासून मी किस मोजणं सोडलं आणि दुसरंच काही मोजायला लागले. हसू कुणावर येतंय? जाड मुलगा, तोतरं बोलणारा नोकर, काळी मुलगी, यांच्यावरच का? कुणाला लागलं, कुणी रडलं, तर गोष्ट त्याच्यापाशी जरा थांबते की म्युझिक वाजवून पुढे पळते? आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. पिक्चर संपल्यावर पोरीने प्रश्न विचारला, तर मला खरं उत्तर देता येईल का?

या तिसऱ्या प्रश्नाची परीक्षा गेल्या वर्षी झाली. माझे बाबा गेले. लेकीचे आबा. घरातल्या मोठ्यांनी ठरवून तिला दोन दिवस मैत्रिणीकडे ठेवलं आणि ती परत आल्यावर 'आबा बाप्पाकडे गेले' असं सांगून टाकलं. त्यानंतर सगळ्यांच्या सूचना सुरू. पोरीला मरणाबिरणाचं काही दाखवू नकोस हं, हळवी आहे ती. पण मग दाखवायचं काय? 'फाइंडिंग नीमो'त पहिल्या पाच मिनिटांत नीमोची आई जाते. 'बॅम्बी'त जंगलात गोळी सुटते आणि आई जाते. लहान मुलांच्या जगप्रसिद्ध पिक्चरमध्ये कुणीतरी जातंच, आणि कधीकधी मला वाटतं की मुलं ते पिक्चर त्यासाठीच पुन्हा पुन्हा बघतात.

मला त्या सूचना पटत नव्हत्या. एका रविवारी मी तिला मांडीवर घेऊन 'द लायन किंग' लावला. १९९४ चा, हाताने काढलेला. एक बोट पॉजवर. मुफासा पडला. सिम्बा त्याला ढकलतो, कान ओढतो, तरी तो उठत नाही.

"तो का उठत नाहीये?"

"तो मेलाय गं."

बराच वेळ काही नाही. मग, "आबांना कुणी उठवून बघितलं का?"

"हो. मी बघितलं. त्यांचा हात माझ्या हातात होता."

"आणि नाही उठले?"

"नाही."

तिने माझा हात उलटापालटा करून नीट बघितला. मग म्हणाली, "परत लाव." तो सीन आम्ही दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा तिला चिवडा हवा होता.

बाबा जाऊन सात महिने झाले होते. 'मेले' हा शब्द त्या घरात तेव्हा पहिल्यांदा सरळ उच्चारला गेला. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या आल्या, लेकीच्या शेजारी बसल्या आणि उरलेला पिक्चर पूर्ण पाहिला. डायलॉग इंग्लिशमध्ये, तरी एकही प्रश्न न विचारता.

तेव्हापासून माझी व्याख्या पक्की आहे. ज्यात वाईट काही घडतच नाही तो फॅमिली पिक्चर, असं मी म्हणत नाही. जे वाईट घडलं त्याबद्दल घरातल्यांना नंतर एकमेकांशी बोलता येतं, तो फॅमिली पिक्चर. म्हणून मूल एका खोलीत आणि आपण दुसऱ्या खोलीत मोबाइलवर, याला मी फॅमिली व्ह्यूइंग म्हणायला तयार नाही.

ग्रुपवर विचारता म्हणून आमच्या घरची यादी देऊन टाकते. 'माय नेबर टोटोरो' (१९८८), मियाझाकींचा जपानी पिक्चर. आई हॉस्पिटलात, दोन बहिणी नव्या घरात, आणि अख्ख्या गोष्टीत व्हिलनच नाही. 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४), परेश मोकाशींचा. पंढरपूरची यात्रा, सायकल विकायला लागू नये म्हणून पोरांची धडपड. पैसे नसणं म्हणजे काय, हे लाज न वाटता समजावता येतं. ऑस्ट्रेलियाची 'ब्लुई', सातेक मिनिटांचे एपिसोड. त्यातले आईबाबा कुत्रे असूनही आपल्यापेक्षा जास्त खेळतात, एवढाच त्रास. 'नाळ' (२०१८) मात्र दोन-तीन वर्षांनी. आपण दत्तक आहोत हे कळलेल्या मुलाची गोष्ट आहे, तिला जरा मोठी होऊ दे.

आणि 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) कधीही! आजी, आई आणि नात तिघी हसतात, प्रत्येक जण वेगळ्या जागी. लेकीने विचारलं, "ते काका साडी का नेसलेत?" म्हटलं, भाड्याचं घर मिळत नव्हतं ना, म्हणून. पुण्यात फ्लॅट शोधलेल्या कुठल्याही माणसाला हे कारण लगेच पटेल.

जाता जाता एक टेक्निकल टिप. लॉक जरूर लावा, आपण कायम शेजारी बसू शकत नाही. फक्त पिन १-२-३-४ ठेवू नका. बालवाडीतल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात तेवढं मोजता यायला लागतं.